पितरांच्या नांवानें

(भाद्रपद वद्य पक्षांत एका खेडेगांवीं मारुतीच्या देवळापुढें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण.)



पितरांचा पंधरवडा चालू आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरची तिथ होऊन गेली असेल, कित्येकांची व्हावयाची असेल, आणि ज्यांस आपल्या वाडवडिलांची तिथ ठाऊक नाहीं ते सर्वपित्री अमावास्येची वाट पाहत असतील. अशा वेळीं या विषयावर बोलणें म्हणजे जेवत्या पंक्तींत उभें राहून भाषण करण्यासारखें आहे, हें आम्ही जाणतों. पण पंगत उठल्यावर बोलून तरी उपयोग काय? ज्यास कर्ज काढावयाचें तो पंगतीच्या आधींच काढतो.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतों. सत्यशोधकी विचाराचे लोक आईबापांस मानीत नाहींत, मेल्यावर त्यांस विसरून जातात, असा बोभाटा पूर्वींपासून करण्यांत आला आहे. तो खोटा आहे. ज्या बापानें दगडगोटे वेंचून रान केलें, ज्या आईनें अर्धी भाकर खाऊन आपल्यास पोसलें, त्यांची आठवण ज्यास येत नाहीं तो माणूसच नव्हे. आमचें भांडण आठवणीशीं नाहीं. त्या आठवणीवर जी वसुली बसविली आहे तिच्याशीं आमचें भांडण आहे.

आपल्या घरांतून काय चालतें तें आधीं पाहूं. शेतकऱ्याच्या घरीं पितर घालतात. कोल्हापूर-कोंकणाकडे त्यास म्हाळ म्हणतात. घरची बाई पहाटे उठून सारवण करते. भात, आमटी, कढी, खीर, वडे, आणि त्या दिवसांत परसांत व शेतांत जें पिकतें तें, म्हणजे भोपळा, गवार, कारलें, अळू, असें सारें शिजवते. चुलीच्या विस्तवावर घांस सोडते. एक पान घराच्या छपरावर कावळ्यासाठीं जातें, एक गाईपुढें. मग चार भाऊबंद, शेजारीपाजारी जेवतात. खानदेशांत हेंच काम आखाजीला होतें. वैशाखाच्या ऐन उन्हांत नवी मातीची घागर पाण्यानें भरतात, तिच्या तोंडावर लहान लोटा, वर आंबा किंवा डांगर ठेवतात, पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य दाखवून विस्तवावर आगारी टाकतात. ज्या मुलखांत वैशाखांत विहिरी तळ दाखवितात त्या मुलखाच्या लोकांनीं मेलेल्या माणसास काय द्यावें असें ठरविलें? थंड पाणी! यांत जी माया आहे ती कोणत्या पोथींतून आली? कोणत्याच नाहीं. ती त्यांच्या त्यांनाच सुचली.

आपल्या देव्हाऱ्यांत पाहा. खंडोबा, बहिरोबा, तुळजाभवानीच्या टाकांशेजारीं वाडवडिलांचेही टाक असतात. गांवाच्या वेशींत वीरगळ उभे असतात. कोणी गुरें राखतांना मेला, कोणी गांव राखतांना मेला, त्याची ती आठवण. सणावारीं त्यास शेंदूर लागतो, नारळ फुटतो. त्या दगडापुढें कोणीं संकल्प सांगितला नाहीं म्हणून तो वीर उपाशी राहिला असें आजवर कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. तेव्हां मृतांचा मान राखण्याची चाल आपल्या लोकांत पुरातन आहे, ती त्यांनीं आपल्या हातानें चालविली आहे, आणि बहुतेक घरीं ती बाईच्या हातानें चालली आहे.

पण याच झाडावर एक बांडगूळ वाढलें आहे. माणूस मेला कीं दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. पुढें मासिकें, मग वर्षश्राद्ध. घरांत कोणी आजारी पडला, म्हैस आटली, मुलीचें लग्न लांबलें, कीं पितृदोष काढावयाचा. त्यासाठीं त्र्यंबकेश्वरीं जाऊन त्रिपिंडी करावयाची, तीन दिवस राहून नारायण-नागबळी करावयाचा. शय्यादानांत गादी, भांडीं, छत्री, जोडा. जोडा अशासाठीं कीं परलोकाच्या वाटेवर मृताच्या पायांस चटके बसूं नयेत. जन्मभर जो बाप तापलेल्या ढेंकळांतून अनवाणी नांगर हांकीत होता, त्याच्या पायांची काळजी मुलास तो मेल्यावर लागली! ही शंका कांहीं आमच्याच डोक्यांतून निघालेली नाहीं. येथें जेवूं घातलेलें तेथें पोंचत असेल तर प्रवासास निघालेल्याबरोबर शिदोरी कशास द्यावी, घरींच कोणास तरी जेवूं घालावें, असें चार्वाक फार पूर्वीं विचारून गेला. रामायणांत जाबालि रामास असेंच म्हणतो. म्हणजे प्रश्न जुना आहे. दोन हजार वर्षांत त्याचें उत्तर मात्र कोणीं धड दिलें नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एक घर सांगतों. गांवाचें व घराचें नांव घेत नाहीं, कारण तीं माणसें लाजेनें आधींच अर्धमेलीं झालीं आहेत. म्हातारा चार महिने अंथरुणास खिळून होता. शहरांत नेऊन मोठ्या डॉक्टरास दाखवावें असें सर्वांस वाटे, पण मुलाजवळ पैसा नव्हता. त्यानें उसनवारीस दारोदार हिंडून पाहिलें. हंगाम आल्यावर पाहूं, असें म्हणून सगळ्यांनीं वाटेस लावलें. म्हातारा गेला. आणि तिसऱ्याच दिवशीं, ज्यानें औषधास नाहीं म्हटलें होतें तोच भला गृहस्थ आपण होऊन दारीं आला, व दहाव्यासाठीं लागेल तेवढी रक्कम घे, म्हणाला. बाप वांचविण्यास जामीन कोणी नव्हता. बापाच्या नांवानें पंगत घालण्यास सारी भाऊबंदकी जामीन! शेंकडों पानें उठलीं. दोन दुभत्या गाई त्या वर्षीं गेल्या. आतां त्या घरांत चहास दूध विकत येतें, आणि जेवून गेलेले पाहुणे म्हणतात कीं बुंदी जरा कडक झाली होती.

श्राद्धाच्या जेवणावळींनींच शेतकरी बुडाला, असें मात्र कोणीं म्हणूं नये. तें सावकाराच्या व सरकारच्या सोयीचें बोलणें आहे. १८७५ सालीं भीमथडी तालुक्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले आणि दंगा पसरला, तेव्हां चौकशीस नेमलेल्या कमिशननेंही असेंच लिहिलें कीं लग्नकार्यांचा खर्च ऐपतीच्या मानानें जास्त असला तरी कर्जाचें कारण म्हणून त्यास नको तेवढें महत्त्व देण्यांत आलें आहे. तें खरेंच आहे. कर्जाचीं मोठीं कारणें म्हणजे पाऊस, भाव, व्याज. पण ज्या घरांत हीं तिन्ही कारणें आधींच ठाण मांडून बसलेलीं आहेत, त्या घरावर चौथें ओझें त्याच्या दुःखाच्या दिवशीं, त्याचे डोळे पुसण्याच्या निमित्तानें टाकावें, यासारखें निर्दयपण नाहीं.

कोणी म्हणेल, काय करावें, शास्त्रच तसें आहे. ठीक, शास्त्र पाहूं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाचें प्रकरण आहे. तेथें लिहिलें आहे कीं देवकार्यास दोन व पितृकार्यास तीन ब्राह्मण जेवूं घालावे, किंवा दोहोंस एकेकच. आणि माणूस कितीही श्रीमंत असला तरी यापेक्षां विस्तार करूं नये, कारण मोठ्या जमावानें सत्कार, स्थळ, वेळ, शुचिर्भूतपणा व पात्र माणूस या पांचही गोष्टींचा नाश होतो. ऐकलेंत? तीन पानें! त्याच अध्यायांत श्राद्धास कोण चालत नाहीं याची एक लांबलचक यादी आहे. तींत देवळाचा पुजारी आहे, वैद्य आहे, व्याजबट्टा करणारा आहे. म्हणजे आपल्या गांवच्या तेराव्यास जीं माणसें पहिल्या पंक्तींत बसतात त्यांपैकीं किती उठवावीं लागतील याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

विष्णुपुराण तर याहून पुढें जातें. त्यांत म्हटलें आहे कीं ज्यास अन्न देण्याची ऐपत नाहीं त्यानें मूठभर तीळ द्यावे. तेवढेंही नसेल तर गाईस गवत घालावें. आणि कांहींच नसेल तर रानांत जाऊन दोन्ही हात वर करावे व पितरांस सांगावें कीं माझ्याजवळ धन नाहीं, माझ्या भक्तीनें तृप्त व्हा. झालें श्राद्ध! आमच्या ज्या बापजाद्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तेराव्यासाठीं जमीन गहाण टाकली, त्यांतल्या एकास तरी हा हात वर करण्याचा विधि कोणीं सांगितला होता काय? पोथी तीच, वाचणारेही तेच; मग नेमकें हेंच पान कसें उलटलें जात नाहीं?

बरें, ज्या मनुस्मृतीच्या धाकानें आपण भितों तिचें दुसरें एक पान पाहा. तेथें सांगितलें आहे कीं डुकराच्या हुंगण्यानें, कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्यानें, कुत्र्याच्या नजरेनें आणि हलक्या वर्णाच्या माणसाच्या स्पर्शानें श्राद्धाचें अन्न वायां जातें. ज्यानें शूद्रास शिकविलें तो ब्राह्मणही श्राद्धास वर्ज्य! हें आपल्याविषयीं लिहिलें आहे, मंडळी. भात आपण पिकवावा, दाणे आपण मळावे, गाय आपण राखावी, तूप आपल्या बायकांनीं कढवावें, आणि शेवटीं आपला हात लागला कीं तें विटाळलें. अशा शास्त्राच्या नियमानें आपल्या बापास स्वर्ग मिळावा म्हणून आपण कर्ज काढतों!

याच्या उलट पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आठवा. ते जातीनें ब्राह्मण होते, सोळाव्या शतकांतले. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वाटेनें जाणाऱ्या महारांस त्याचा वास आला, पोरें भुकेलीं होतीं. नाथांनीं तें सारें अन्न त्यांस पोटभर वाढलें. पुन्हां सोंवळ्यानें स्वयंपाक केला तरी गांवचे ब्राह्मण रुसले, जेवावयास येईनात. तेव्हां, कथा सांगते, नाथांचे पितर स्वतः येऊन पानांवर बसले. पितर खरोखर आले कीं नाहीं या वादांत आम्ही पडत नाहीं. पण जनतेनें ही कथा चारशें वर्षें जतन केली, कीर्तनांतून सांगितली, ऐकली. श्राद्धाचें अन्न कोणाच्या पोटांत गेलें म्हणजे तें पोंचतें याविषयीं जनतेचें मत काय आहे तें तीवरून कळतें. आमचें वैर ब्राह्मण जातीच्या माणसाशीं नाहीं तें याचसाठीं.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणांत शेतकरी आईच्या पोटांत असल्यापासून तो मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत धर्माच्या नांवानें कसा नागविला जातो याचा पाढा आहे. त्याच्या दहा वर्षें आधीं, १८७३ सालीं, सत्यशोधक समाज निघाला होता. परमेश्वर आणि माणूस यांमध्यें दलाल नको, हें त्याचें मुख्य म्हणणें. पण नुसतें म्हणून भागत नव्हतें. त्या काळीं गांवच्या वतनदार जोश्यास डावलून कोणीं आपलें धर्मकार्य स्वतः उरकलें, तर जोशी दिवाणी कोर्टांत फिर्याद करी आणि बुडालेली दक्षिणा मागे. काम केलें नाहीं, तरी मजुरी पाहिजे! असे दावे चालत, आणि शेतकऱ्यांवर हुकुमनामे होत. अखेर १९२६ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें कायदा करून, ज्याच्याकडून विधि करवून घेतला नाहीं त्यास दक्षिणा मागण्याचा हक्क नाहीं, असें ठरविलें.

त्या गोष्टीस आतां शंभर वर्षें होत आलीं. कायद्यानें आपल्यास मोकळें केलें. आपण मोकळे झालों काय? भटजीच्या दक्षिणेचा आंकडा आज दहाव्याच्या खर्चांत पुष्कळदां सर्वांत लहान असतो. मोठे आंकडे आपणच घातले आहेत. दहाव्याच्या घाटावर मांडव, खुर्च्या, भोंगा. प्रवचनकारांची बिदागी आधीं ठरवून घेतलेली. मृताच्या चित्राचे मोठमोठे फलक, त्यांवर मृतापेक्षां पुढाऱ्याचा चेहरा मोठा. कावळा शिवला कीं नाहीं याची कोणास शुद्ध नाहीं, पण तालुक्याच्या साहेबांनीं दोन शब्द बोलल्यावांचून पिंड उचलावयाचा नाहीं. साहेब तीन दहावे करून चौथ्यास येतात, तोंवर म्हातारी बायको उन्हांत बसून असते. हें कोणत्या स्मृतींत लिहिलें आहे? ही भिक्षुकशाही आपल्या हातची आहे. जानवें नाहीं म्हणून ती भिक्षुकशाही नव्हे, असें समजूं नका.

कावळ्यावरून आठवलें. कावळा पिंडास शिवेना म्हणजे मृताची कांहीं इच्छा राहिली, असें समजतात. मग मुलगा पुढें होऊन हात जोडतो, धाकट्या भावाचें शिक्षण करीन, बहिणीचें माहेर तोडणार नाहीं, आईस अंतर देणार नाहीं. तरीही कावळा न आला तर दर्भाचा कावळा करून शिववितात, म्हणजे गांठ सुटते. आम्हांस यांतला कावळा नको, पण तो शब्द हवा आहे. बापाच्या मागें थोरल्या मुलानें साऱ्या गांवासमक्ष बहिणीचें व आईचें नांव घेऊन शब्द द्यावा, ही चाल फार मोलाची आहे. फक्त तो शब्द कावळ्यास न देतां बहिणीकडे तोंड करून द्यावा, म्हणजे वांटणीच्या वेळीं तिला साक्षीदार राहतील.

आतां बहिणींचेंच बोलूं, कारण या विषयांत सर्वांत जास्त अन्याय त्यांचा झाला आहे. पुत् नांवाच्या नरकांतून तारतो तो पुत्र, अशी व्युत्पत्ति मनूनें सांगितली आणि पिंडासाठीं मुलगा पाहिजे हें वेड घराघरांत शिरलें. मुलासाठीं दुसरी बायको आली, पांचव्या मुलीनंतर सहावें बाळंतपण आलें, आणि आमच्या काळांत पोटांतल्या मुली मारण्यापर्यंत मजल गेली. जन्मभर आईचें उष्टें काढणारी लेक घरांत असतां मडकें धरावयास चुलत्याचा दारूबाज मुलगा शोधून आणतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. जोतीराव १८९० सालच्या २८ नोव्हेंबरास वारले. यशवंत दत्तक मुलगा म्हणून टिटवें कोणीं धरावें यावरून भाऊबंदांनीं वाद घातला, तेव्हां सावित्रीबाई स्वतः टिटवें हातीं घेऊन पुढें चालल्या, असें चरित्रकार सांगतात. सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका बाईनें पुण्याच्या रस्त्यावर जें केलें तें आज आमच्या गांवांत करावयास छाती होत नाहीं! २००५ सालापासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तो जन्मानें आहे. सात-बाऱ्यावर नांव लागतें आणि मडक्याला हात लागत नाहीं, हा कुठला न्याय?

आणि जिचा नवरा गेला तिचें काय करतों? तिला बसवून तिच्या बांगड्या फोडतों, कुंकू पुसतों, जोडवीं काढतों. तें करणाऱ्याही बायकाच, त्यांतल्या निम्म्या स्वतः ह्यांतून गेलेल्या. २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामसभेनें ठराव करून ही चाल बंद केली; त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर गांवांनींही हेरवाडचा कित्ता गिरवावा असें कळविलें. त्या ठरावास पैसा लागला नाहीं, पुढारी लागला नाहीं. सरपंच येथें बसले आहेत; आपल्या ग्रामसभेची तारीख त्यांनीं आजच सांगावी अशी आमची त्यांस विनंति आहे.

मग करावें काय, असें तुम्ही विचाराल. ज्यास पितर घालावयाचे आहेत त्यानें खुशाल घालावे. घरांत जें शिजतें तें शिजवावें, आणि एक पान अशा माणसापुढें मांडावें कीं ज्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटली नाहीं. दहाव्यास गांवजेवण नको. आलेल्या पाहुण्यांस पिठलें-भाकर पुरे, आणि गांवानें ठराव करून सर्वांसच तें बंधन घालावें, म्हणजे गरिबास लाजावें लागत नाहीं. एकट्यानें सुधारणा केली तर त्यास कंजूष म्हणतात. पोत्यानें राख गोदावरी-कृष्णेंत लोटण्यापेक्षां ज्या रानांत बाप राबला त्या रानांत खड्डा घेऊन पुरावी व वर आंबा लावावा; असें करणारीं घरें आतां ठिकठिकाणीं निघालीं आहेत. आणि आईबाप जिवंत आहेत तोंवर त्यांचें औषधपाणी.

राहतां राहिलें नांव. श्राद्धांत बाप, आजा, पणजा आणि तशीच आई, आजी, पणजी यांचीं नांवें घ्यावयाचीं असतात. आपल्यापैकीं किती जणांस पणजीचें नांव सांगतां येईल? हात वर करा. पाहा, या एवढ्या सभेंत चार! नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनीं यजमानांच्या वंशावळी वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवल्या. त्यांच्या दक्षिणेविषयीं आमचें मत कांहींही असो, त्या वह्यांबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण आमच्या कित्येक घराण्यांचा तेवढाच लेखी इतिहास आहे. पण आपल्या पणजीचें नांव जाणून घ्यावयास आपण दुसऱ्याच्या वहीकडे कां जावें? गांवांत ऐंशीच्या पुढचीं माणसें अजून आहेत. तीं गेलीं कीं हीं नांवेंही त्यांच्याबरोबर गेलीं. शाळेंतून शंभर पानांच्या कोऱ्या वह्या आम्हीं मागवून घेतल्या आहेत, त्या देवळाच्या ओसरीवर ठेवल्या आहेत. सभा संपल्यावर घरटी एक वही न्यावी, रात्रीं म्हाताऱ्या माणसांजवळ बसून नांवें विचारावीं, कोण कोठून आली, कोणाची लेक, कोणतें रान कोणीं मोडलें, दुष्काळांत कोणीं काय खाऊन दिवस काढले, तें लिहावें. बायकांचीं नांवें आधीं लिहावीं, कारण तींच आधीं विसरलीं जातात. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्या घरीं सातवींतलीं मुलें येतील, मास्तरांशीं तसें बोलणें झालें आहे. अमावास्येला अजून पांच दिवस आहेत.